भुईचा रंग

खात रोड, भंडारा
६ नोव्हेंबर २०२४

जाऊबाई,

नमस्कार लिहायचा की नाही, यातच दोन कागद फाडले. शेवटी लिहिते. नमस्कार.

तुम्ही माझा फोन उचलत नाही. तुमच्या शेजारच्या उषाबाईंना केला, तर त्या म्हणाल्या, कुंताबाई घरी नाही. मागून तुमचाच आवाज येत होता, "नाही म्हणून सांग." म्हणून पत्र.

काम छोटं आहे. आमच्या मागच्या खोलीत पांढऱ्या टाईल्स आहेत, चमकणाऱ्या. त्यावर लाकडी फरशी टाकायची आहे. आजकाल निघाली आहे तशी. लांब लांब पट्ट्या असतात, एकीत एक अडकवतात. मोना पुण्याहून म्हणते, आई, आता सगळेच टाकतात. दुकानदारानं रंग विचारला. मला वाटलं, आपल्या जुन्या घराच्या माळ्याच्या लाकडी पाट्यांचा जो रंग होता, तसाच घ्यावा. मी त्या घरात तीनच वर्षं राहिले, मग यांची राईस मिलची नोकरी लागली. माळा तेव्हा धानानं भरलेला असे, पाट्या कधी नीट दिसल्या नाहीत. पुढं घरच पाण्याखाली गेलं. तुम्ही माझ्याआधी नऊ वर्षं तिथं होत्या. तुम्हाला आठवत असेल. तेवढा रंग कळवा.

भाऊजी गेल्यापासून तुम्ही एकट्याच. तब्येत सांभाळा. हे बरे आहेत.

चंद्रकला

—

नवीन पुनर्वसन, प्लाट नंबर ११२
तालुका पवनी
१५ नोव्हेंबर

चंद्रकला,

आशीर्वाद लिवायची रीत आहे म्हणून लिवते. आशीर्वाद.

पत्र भेटलं. पोस्टमन दोनदा विचारे, मावशी, तुमचंच होय ना? दोन वर्षात मले बँकेशिवाय कोणाचं पत्र नाही आलं, त्याले काय ठाऊक. मी म्हटलं माझंच होय, ठेव अन् जा.

तुझा आवाज ऐकणार नाही असं मी बोलली होती. अक्षराचं काही बोलली नव्हती. म्हणून वाचलं. मी चौथी शिकली, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. लागन तेवढं वाच, नाही लागलं ते सोड.

दोन वर्षानं जावेले जावेची याद आली, अन् कायसाठी? फरशीच्या रंगासाठी! तुझ्या भाऊजींच्या तेरवीले तुमच्याकडचं कोणी नाही आलं. तुझा पाय पलस्तरात होता, ते मी धरत नाही. पण हेमराज? आमाले लेकरू नाही. भावाचं सगळं त्यानंच करायचं होतं. भटजी पाट मांडून बसला, मी दाराकडे पाहून राहिली, अन् तू फोनवर म्हणते, त्याहिले मिलमधून सुट्टी नाही भेटली. सुट्टी! सख्ख्या भावाच्या तेरवीले! शेवटी नाकाडोंगरीचा मामेभाऊ पाटावर बसवला. त्याले मेलेल्या माणसाचं पूर्ण नाव बी मले सांगावं लागलं.

मी त्या घरात आली तेव्हा हेमराज बारा-तेरा वर्षांचा होता. सासू आधीच गेलेली. त्याची चड्डी मी शिवली, त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या. कावीळ झाली तं महिनाभर उसाचा रस पाजला. माझ्या हातचं खाऊन त्याले मिशा फुटल्या. तो येत नाही, अन् तुले फरशी पाहिजे.

रंग विचारला म्हणून सांगते. काळा. खाली चूल, वर माळा, धूर कुठी जाईन? हात लावला की हात काळा होये. झालं समाधान? टाक काळी फरशी अन् मिरव.

"हे बरे आहेत" लिवलं तू. बरा आहे तं त्याले हात नाही का दोन ओळी लिवायले?

कुंता

—

खात रोड, भंडारा
२४ नोव्हेंबर

जाऊबाई,

रंग कळला. एकदम काळा मिळत नाही, गडद कॉफीसारखा मिळतो. दुकानदार आधी आठ पट्ट्या देतो, टाकून पाहायला. त्या आणते.

यांना लिहायला जमत नाही, कामं असतात.

एक विचारू? लहानपणी हे पाण्याला भीत होते का?

चंद्रकला

—

नवीन पुनर्वसन
२ डिसेंबर

चंद्रकला,

हेमराज पाण्याले भीत होता का? हे विचारायले एवढं पाकीट खराब केलं?

अवो, तो पाण्यातच राहे. नदी भरून असली तरी म्हशीची शेपटी धरून पल्याड जाये, अन् उन्हाळ्यात वाळूतल्या डांगरवाडीतून डांगर चोरून आणे. मी मारायले धावली का परत पाण्यात. गोसी धरणाचं पाणी गावात शिरलं तेव्हा आमी सगळे रोडवर उभे राहून रडत होतो, अन् तो कमरेइतक्या पाण्यातून जाऊन घराची चौकट काढून आला. वर हासत होता. असा माणूस पाण्याले भिईन?

काहून विचारलं ते सांग. तुले मी ओळखते. तू लपवते तेव्हा प्रश्न विचारते. भाजीत मीठ जास्त पडलं का तू आधीच विचारे, "बाई, मीठ नवीन आणलं का हो?"

इकडचं काय लिवू. एका माणसाचा भात होत नाही नीट. मूठभर तांदूळ टाकले तं गंजाच्या बुडालेच चिकटते. म्हणून दोघांचा टाकते, अन् सकाळचा दुपारी, दुपारचा संध्याकाळी खाते. उषाबाई म्हणे, टीव्ही लावत जाय, घरात आवाज राहते. लावला. त्यातल्या बाया दिवसभर रडतात, भरजरी लुगडं नेसून. बंद केला. इथी गल्लीत चार गावचे लोक आणून बसवले आहेत, दहा वर्षं झाली तरी एकमेकाले प्लाट नंबरानं ओळखतात. मी एकशेबारा.

काळी फरशी टाकली का? नसन टाकली तं टाक एकदाची, अन् मोकळी हो.

कुंता

—

खात रोड, भंडारा
१६ डिसेंबर

जाऊबाई,

टाकली. आठ पट्ट्या पलंगाजवळ टाकल्या. आता खोटं लिहिण्यात अर्थ राहिला नाही.

यांना विसरण्याचा आजार आहे. तीन वर्षं होतील. आधी किल्ली विसरायचे, मग रस्ता, मग माणसं. मिलवाल्यांनी कधीचंच घरी बसवलं. म्हणजे तेरवीच्या वेळी सुट्टी कसली, नोकरीच नव्हती. मयतीच्या दिवशी मोना सोबत होती, तिनं हात धरून ठेवला होता. गप्प होते, तर तुम्हाला वाटलं दुःखात आहेत.

तेरवीला हे निघाले होते. मी पिशवीत धोतर-पंचा भरून दिला, शेजारच्यांनी बसमध्ये बसवून दिलं. मला वाटलं, गावचा तर रस्ता आहे, तो कसा चुकेल? हे पवनीला उतरले आणि नवीन गावाकडे न येता जुन्या गावाच्या रस्त्याला लागले. तो रस्ता जिथं पाण्यात जातो, तिथं पिशवी मांडीवर घेऊन बसले. दिवसभर. मासे धरणाऱ्या एका ढिवरानं डोंगा काठाला लावला आणि विचारलं, तर म्हणाले, "भावाची तेरवी आहे गा, गाव कुठी गेलं?" त्यानंच पिशवीतल्या चिठ्ठीवरचा नंबर लावला आणि यांना परत भंडाऱ्याच्या बसमध्ये बसवलं. घरी आले तेव्हा धोतर घडीचंच होतं.

तुम्हाला सुट्टीचं सांगितलं. मोनाचं लग्न ठरत होतं. बापाला वेड लागलं म्हणून लोक मागे सरले असते. तुमच्याकडे भाऊजी गेलेले, तिथं हे कसं सांगू, असंही वाटलं. मग दिवस गेले आणि सांगणं आणखीच कठीण झालं.

आता यांना पांढरी टाईल पाणी वाटते. चमकते ना. पलंगावरून पाय खाली सोडत नाहीत. दोन महिने झाले. म्हणतात, पाणी चढून राहिलं, पलंग उंच कर. चटई टाकली तर म्हणतात, चटई वाहून चालली. जेवण, तोंड धुणं, सगळं पलंगावरच. डॉक्टर म्हणाले, चमकणारी फरशी झाका आणि ओळखीचा रंग द्या. उन्हाळ्यापर्यंत पाय टाकले नाहीत, तर पायातली ताकद जाईल, मग हे उभेच राहणार नाहीत. म्हणून मी माळ्याचा रंग विचारला. फॅशन वगैरे काही नाही.

पण काळ्या पट्ट्या पाहून जास्तच भ्याले. मी वर उभी राहून दाखवलं, तर दोन्ही हातांनी माझा दंड धरून पलंगावर ओढलं. म्हणाले, "गाळ आहे, फसशील." दंडावर बोटं उमटली आहेत.

दुकानदार म्हणतो, आता एकच रंग पक्का सांगा, पुन्हा पुन्हा बदलून देणार नाही. मला काहीच सुचत नाही.

चंद्रकला

—

नवीन पुनर्वसन
२१ डिसेंबर

चंद्रकला,

तुझं पत्र वाचलं अन् तू समोर असती तं मारली असती. दोन वर्षं! दोन वर्षं मी त्याचं नाव निघालं का थुंकत होती वो. उषाबाईले विचार. अन् तो पिशवी मांडीवर घेऊन पाण्याकाठी बसला होता. मोनाचं लग्न ठरे तं ठरे, मले तं सांगायचं. मी काय गावात दवंडी देते? देते, मले माहीत आहे. पण ही नसती दिली.

बस. हे झालं. आता माझी चूक ऐक.

तू माळ्याचा रंग विचारला अन् मी रागात काळा लिवला. पाट्या काळ्या नव्हत्या, धुरानं झाल्या होत्या. पण तेही सोड. माळ्यावर चालते कोण? माळ्यावर धान राहते, कोहळे राहतात, उंदीर राहतात. माणूस भुईवर चालते. तो सारवल्या भुईवर रांगला, भुईवर जेवला, भुईवर निजला. त्याच्या पायाले ओळख असन तं सारवल्या भुईची असन. डॉक्टर एवढा शिकला, तू दहावी झाली, अन् कोणाले सुचलं नाही. मले बी आत्ताच सुचलं, तुले शिव्या देता देता.

दुकानदाराकडून सगळ्या रंगाचे तुकडे आण अन् पोस्टानं पाठव. उषाबाईच्या मोबाईलवर फोटो नको पाठवू. फोटोत सगळंच गोरं दिसते.

त्याले आंघोळ कोण घालते? तू एकटी उचलते का त्याले? लिवजो.

कुंता

—

खात रोड, भंडारा
३० डिसेंबर

जाऊबाई,

पाच तुकडे पाठवते. मागं आकडे टाकले आहेत. नावं इंग्रजीत आहेत, त्यांचा काही उपयोग नाही. दुकानदार म्हणतो, दोन नंबर सगळ्यात जास्त खपतो. पाच नंबर कोणी घेत नाही, तो बंदच होणार आहे.

आंघोळ मीच घालते, पलंगावरच, ओल्या पंचानं पुसून. मोना दर रविवारी व्हिडिओवर येते. हे तिला हात जोडून नमस्कार करतात. ती हसते आणि मग तिकडचं नेटवर्क जातं. दर वेळी त्याच वेळी जातं.

तुम्ही शिव्या दिल्या ते बरं वाटलं. इथं सगळे हळू आवाजात बोलतात.

चंद्रकला

—

नवीन पुनर्वसन
९ जानेवारी २०२५

चंद्रकला,

तुकडे भेटले. पहिले हे सांगते का हे लाकूड नाही. एक नंबरचा तुकडा मी अर्धा दिवस बादलीत ठेवला, कसं धुवावं लागन ते पाहायले. फुगला भाकरीसारखा. आतून निघाला भुसा. भुशाची वडी अन् वरून लाकडाचा फोटो चिकटवला. लाकूड म्हणून तुले वडी विकली त्यानं. असू दे. आपल्याले तरी कुठी लाकूड पाहिजे. पण त्यावर पाणी नको सांडू, अन् पुसायचं तं पिळून पुसजो.

आता रंग. एक नंबर गुळाचा. दोन नंबर दूध जास्त झालेल्या चहाचा, लोकाहिले तोच पाहिजे राहते. तीन नंबर वाळल्या मोहफुलाचा. चार नंबर लाल, तो काहून बनवला तेच समजलं नाही. पाच नंबरले काही नावच नाही, राख अन् माती एकत्र झाडल्यासारखा.

सकाळी आंगणात चार हात जागा सारवली. वाळेपर्यंत थांबली. दुपारी तुकडे मांडले. एक जुळन तं शपथ. डोकं फिरलं माझं. उषाबाई फाटकातून म्हणे, "कुंताबाई, काय दुकान मांडलं?" मी म्हटलं, "पोरगी पाहून राहिली. पाच जणी उभ्या आहेत, एकही पसंत नाही." ती म्हणे, "कोणासाठी?" मी म्हटलं, "दिरासाठी." तिचं तोंड पाहायसारखं झालं.

मंग ध्यानात आलं. इथली माती मुरमाची, लाल. आपल्या गावची नदीची, काळी-भुरी. तीत शेण कालवलं का रंग वेगळाच ये. आता ती माती आणू कुठून? तिच्यावर तं एकावर एक दोन माणसं बुडतीन एवढं पाणी आहे.

घर सोडताना मी तेलाच्या डब्यात तुळस आणली होती, मातीसकट. दारात तीच आहे. वरची माती मी दरसाल इथलीच टाकत आली, पण मुळाखालची गावची होती. थोडी काढीन म्हटलं. थोडी निघाली नाही, मुळानं धरून ठेवली होती. म्हणून सगळीच काढली. शेणात कालवली अन् दाराच्या आत, सावलीत, परातीएवढी जागा सारवली. तुझी मागची खोली, तिथी ऊन येत नाही, म्हणून सावलीत. ओली असताना ती हिरवी-काळी दिसते, त्याले अर्थ नाही. वाळली का खरा रंग निघते. तिथीच बसून राहिली. काम काय आहे दुसरं.

दुपार कलता कलता निघाला रंग. शेणातल्या तणसीच्या बारीक काड्या वर आल्या, बोटाच्या रेघा दिसायले लागल्या. चंद्रकला, मले असं वाटलं का आता आतून कोणी तरी पाणी मागीन. कोणी मागितलं नाही.

तुकडे मांडले. बसून नाही पाहिले. तो पलंगावरून पाहीन, म्हणून मी बाजेवर उभी राहून पाहिले. उषाबाई दारापर्यंत आली, मले बाजेवर पाहिलं, अन् आल्या पावली परत गेली.

पाच नंबर. डोळे मिटून घे. बंद व्हायच्या आत घे.

अन् पट्ट्या खिडकीकडून दाराकडे टाकायले लावजो. आपण सारवताना मागं मागं सरत दाराशी येत होतो, रेघा तशाच उमटत होत्या. बसवणारा काही म्हणो.

तुळस सुकली. दुसरी लावीन.

कुंता

—

खात रोड, भंडारा
२७ जानेवारी

जाऊबाई,

वीस तारखेला पट्ट्या बसल्या. बसवणारा म्हणत होता, आडव्या टाकू द्या, खोली मोठी दिसेल. मी म्हटलं, माझ्या जाऊबाईनं सांगितलं आहे. त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, मग राहू द्या.

पहिल्या दिवशी हे नुसते पाहत राहिले. दुसऱ्या दिवशीही. मी धीर सोडला होता. तिसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते, पडल्याझडल्याचा काही आवाज नाही. सहज वळून पाहिलं, तर हे खोलीच्या दारात उभे. भिंतीला हात. पाय थरथरत होते. थंडीचे पायमोजे घातले होते मी सकाळी, ते काढून उशीवर नीट ठेवलेले. अनवाणी आले होते. मी ओरडले नाही, दचकून पडतील म्हणून.

म्हणाले, "वयनी कुठी आहे?"

मी म्हटलं, येतील.

आता दिवसातून चार-पाचदा पलंगापासून दारापर्यंत येतात. बाहेरच्या टाईल्सवर पाय ठेवत नाहीत, पण खोलीत फिरतात, खाली बसतात, भिंतीला धरून उठतात. डॉक्टर म्हणाले, हे खूप झालं. दर वेळी दाराशी थांबून विचारतात, "वयनी आली का नदीवरून?" मी दर वेळी म्हणते, येतील. किती दिवस म्हणू?

तुम्ही या. माझ्याशी नाही बोललात तरी चालेल. त्यांच्याशी बोला.

चंद्रकला

—

नवीन पुनर्वसन
५ फेब्रुवारी

चंद्रकला,

काल मी तुमच्या घरून निघाली तेव्हा तू म्हणे, चहा न घेता काहून चालल्या? मी म्हटलं बस चुकते. बस चुकत नव्हती. तू दूध आणायले गेली होती तेवढ्यात जे झालं, ते लिवते. तोंडानं नसतं सांगता आलं.

तू गेली अन् मी खोलीत आली. तो खाली बसला होता, भिंतीले पाठ लावून, एक पाय लांब करून, वसरीत बसे तसाच. तळहात भुईवर फिरवून राहिला होता. मी म्हटलं, आता हा वयनी म्हणीन अन् मी रडीन. पदर हातात धरूनच ठेवला होता.

त्यानं वर पाहिलं. म्हणे, "कोणाची होय वो तू?"

मी म्हटलं, "अरे हेम्या, मी कुंता."

"कुंता तं आमची वयनी होय," म्हणे. "तू तं म्हातारी आहे."

"म्हातारी झाली मी."

हासला. म्हणे, "वयनीचे केस पाहजो कधी. धुवून बाजेवर वाळवायले बसली का खाली भुईले लागतात."

माझे केस तू पाहिले काल. सुपारीएवढा आंबाडा.

वाटलं, आता हा बिचकन, पलंगावर चढून बसन, अन् तुझी तीन महिन्याची मेहनत माझ्यापायी वाया जाईन. पण तो नाही बिचकला. मले पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. माझे हात पाहिले, नखं पाहिली. म्हणे, "रोवण्याले आली का?"

धानाचं रोवणं पावसाळ्यातलं, अन् हा माघ महिना. काय म्हणणार होती मी? हो म्हटलं.

"कोण्या गावची?"

"कोंढ्याची," म्हटलं. माहेर निघालं तोंडातून.

"हात चालते का नुसतं तोंड?"

"दोन्ही चालते."

"मंग सोमवारी येजो. बांधीत चिखल तयार आहे, धानाचे परे काढून ठेवतो. जेवण आमच्या घरचं. पण उशीर नको करू. आमची वयनी तोंडाची लय खराब आहे. उशीर झाला का सगळ्या बायांसमोर बोलते." मंग जराक जवळ सरकला. हळूच म्हणे, "पण वाढते पोटभर. दुसऱ्यांदा भात मागावा लागत नाही."

तेवढ्यात तुझ्या चपलेचा आवाज आला अन् मी उठली.

घरी येऊन पहिले त्याचाच राग आला. ज्याले मी जेवू घालून मोठा केला, तो मले गाव विचारते. अंधार पडला तरी लाईट बी नाही लावला. मंग वाटलं, त्याच्या घरी तं मी आहे. रोज आहे. नदीवर गेली आहे, येऊन राहिली आहे, बाजेवर केस वाळवून राहिली आहे. तेवढी मी मले बी आता कुठी सापडत नाही. ती तुझ्या भाऊजींसोबत गेली म्हटलं होतं, ते खोटं निघालं. तिथी आहे ती, त्या खोलीत, पाच नंबरवर.

म्हणून तुले बजावून ठेवते. हीच ती वयनी, असं त्याले समजावत नको बसू. खबरदार. समजलं त्याले तं दोघी जातीन.

मी सोमवारी येते. पत्र आधी पोचते का मी आधी, ते पोस्टमनले माहीत. पहिली बस पकडते, म्हणजे उशीर होत नाही. मी तुले काही बोलीन तं ऐकून घेजो, बोलल्याशिवाय मले राहवत नाही. पण त्याच्यासमोर जाऊबाई नको म्हणू. कोंढ्याची बाई म्हण.

डबा आणत नाही. जेवण मालकाच्या घरचं ठरलं आहे.

कुंता